रिजर वरंबा काढतो, गादी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शेतीच्या पानावर पॉवर वीडरने, म्हणजे मुठी धरून मागे चालत चालवायच्या छोट्या मशागतीच्या यंत्राने, गादीवाफे म्हणजे बेड पाडण्याबद्दल लेख आला. सोबत मोठा रंगीत फोटो. एक बाई यंत्राच्या मुठी धरून उभ्या, अंगावर इस्त्रीची साडी, पदर मोकळा, पायात चप्पल. मागे आखल्यासारखे बेड. लेखात दोन गोष्टी ठासून लिहिल्या होत्या: बेड एका फेरीत तयार होतो, आणि महिलाही यंत्र सहज चालवू शकतात. मी कोरेगाव तालुक्यात २० गुंठे आलं करते. असंच यंत्र दोन हंगाम माझ्या हातात आहे. लेख खोटा आहे असं मी म्हणत नाही, अर्धा आहे. राहिलेला अर्धा कळवते, जमलं तर छापा.

आधी त्या पदराचं. या यंत्राला पुढे ओढणारी चाकं नसतात. पोटाखाली पात्यांचा रोटर फिरतो, तोच माती फोडतो आणि त्याच्याच जोरावर यंत्र पुढे सरकतं. बांधाशी आल्यावर वळायला रिव्हर्स टाकावा लागतो. तेव्हा मागे बांध, पुढे पाती आणि मध्ये आपण. पहिल्याच दिवशी माझ्या साडीचा काठ रोटरच्या दांड्याला गुंडाळला. घाबरून मी मुठी सोडल्या, म्हणून क्लच सुटला आणि पाती थांबली. हातभर कापड विळ्याने कापून काढावं लागलं. तेव्हापासून मुलाची जुनी पँट, वर पूर्ण बाह्यांचा सदरा, केसांना घट्ट रुमाल आणि पायात गमबूट. गावातली माणसं दोन दिवस हसली, तिसऱ्या दिवशी कंटाळली. तुमच्या फोटोतल्या बाईंचं यंत्र बंदच असणार याची मला खात्री आहे, पण तो फोटो बघून कुणी चालू यंत्राला तशी उभी राहील.

यंत्र घेतलं ते हौसेने नाही. आमचं रान ओढ्याच्या अंगाला आहे. वाट पाच फुटांची, त्यातही एका ठिकाणी दुसऱ्याचा गोठा पुढे आलेला. ट्रॅक्टर आत येतच नाही, तर त्याचा बेड मेकर कुठून येणार. बैलजोडी सासरे गेले त्या वर्षी विकली. बायका लावून कुदळी-खोऱ्याने बेड ओढायचे तर लागणीच्या दिवसांत पैरा, म्हणजे एकमेकींच्या रानात आळीपाळीने करायचं काम, मिळत नाही, प्रत्येकीच्या घरी तेच काम निघालेलं असतं. २०२३ साली आल्याला दर आला आणि ज्याच्या विहिरीला पाणी होतं त्याने आलं लावलं, मग तर विचारू नका. सातबारा माझ्या नावावर असल्यामुळे अनुदानात मी ५० टक्क्यांच्या गटात बसले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात सात एचपीचं यंत्र दारात आलं. बरोबर एक रिजर.

रिजर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. नांगराच्या फाळासारखं टोक, त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याचे दोन पंख. यंत्राच्या मागच्या बाजूला खिटीने अडकवायचा. पात्यांनी मोकळी केलेली माती हे पंख दोन्हीकडे ढकलतात आणि मध्ये सरी पडते. पंख उघडझाप करता येतात, टोक खालीवर करायला दांडीला भोकं असतात. विक्रेत्याने शोरूमसमोरच्या मुरमाड मैदानात दहा फूट चालवून दाखवलं, सुंदर सरी पडली, चहा झाला, आम्ही पैसे भरले.

रानात आल्यावर कळलं की रिजर सरी पाडतो आणि दोन सऱ्यांमध्ये जो उंचवटा राहतो त्याला आपण बेड म्हणतो. उसाला किंवा बटाट्याला हे चालतं, तिथे वरंबाच पाहिजे असतो. आल्याला गादी लागते: फूटभर उंच, माथ्यावर अडीच फूट सपाट, त्यावर दोन ओळी आणि मध्ये ठिबकची नळी. आमच्या सऱ्या साडेचार फुटांवर. म्हणजे या सरीतली माती इकडच्या कडेला पडते, त्या सरीतली तिकडच्या कडेला, आणि मधल्या हातभर जागेपर्यंत कुणाचीच माती पोहोचत नाही. पहिला बेड पाडून झाल्यावर मी एका टोकाला उकिडवी बसून नजर लावून बघितलं. दोन्ही कडा वर आणि मध्ये झोळ, सुतळी सैल झालेल्या खाटेसारखा. बरोबर त्या झोळात आम्ही नळी टाकणार होतो, आणि पावसाळ्यात तिथेच पाणी उभं राहणार होतं. आल्याच्या मुळाशी पाणी उभं राहिलं की काय होतं ते खाली सांगते.

तो झोळ कसा घालवला त्यात आमचे चार दिवस गेले. रिजरचं टोक एकदम खोल केलं तर तो मागून नांगरासारखा धरून ठेवतो, पाती जागच्या जागी फिरत राहतात, यंत्र पुढे न जाता खाली जातं आणि गुडघाभर खड्डा करून बंद पडतं. म्हणून पहिल्या फेरीला पंख मिटवून, टोक वरच्या भोकात घालून नुसती उथळ सरी काढायची. दुसऱ्या फेरीला त्याच सरीतून टोक दोन भोकं खाली आणि पंख पूर्ण उघडे. आता माती वर चढून आत पडते. तरीही मध्ये थोडी खोली राहतेच. त्यासाठी आमच्या ह्यांनी बाभळीची तीन फुटी फळी काढली, दोन टोकांना दोन कासरे बांधले. एक जण या सरीत, एक जण त्या सरीत, फळी बेडच्या माथ्यावर, आणि दोघांनी एका चालीने ओढत न्यायची. चाल चुकली की फळी तिरकी होते आणि सगळी माती एका सरीत. लग्नाला तीस वर्षं झाली, इतकं पावलाला पाऊल जुळवून आम्ही कधी चाललो नव्हतो. शेवटी दाताळं घेऊन ढेकळं बाजूला.

म्हणजे बघा, एका फेरीत बेड नाही. आमचं रान पाच साखळ्या लांब आणि चार साखळ्या रुंद, १६५ फूट बाय १३२ फूट. त्यात २९ बेड बसतात. यंत्राची पाती अडीच फूट रुंद. शेणखत पसरण्याआधी एकदा आणि पसरल्यावर एकदा अशी दोनदा मशागत, मग प्रत्येक सरीतून दोन फेऱ्या. मुलाने रात्री वहीत मांडलं: सव्वाआठ किलोमीटर चाल, वळणं सोडून, मऊ मातीतून, हादरणाऱ्या मुठी धरून. संध्याकाळी भाकरी थापायला बसले तर तळव्यांना मुंग्या, पीठ हाताला लागतंय की नाही कळेना. सहज या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असू शकतो.

मुठींचंही सांगायला पाहिजे. त्या माझ्या छातीशी येत होत्या. तशा उंचीवर यंत्र दाबायला जोरच लावता येत नाही, आपण नुसते मागे लोंबकळत जातो. मी चौदा दिवस तसं चालवलं. मग शेजारच्या गावातल्या गॅरेजमधल्या पोराने सहज विचारलं, मावशी, मुठी खाली का नाही घेतल्या? दोन बोल्ट होते, दहा मिनिटांचं काम. कंबरेच्या थोड्या वर मुठी आल्या आणि निम्मं दुखणं गेलं. यंत्र माझ्या नावाने आलं, कागदावर तीन ठिकाणी माझ्या सह्या, पण बोल्ट कुठे आहे ते विक्रेत्याने सांगितलं आमच्या ह्यांना, आणि हे विसरले.

आता २०२५ चं. पहिल्या वर्षी चार दिवस शिकण्यात गेले तरी माती कोरडी होती, बेड बरे झाले, पीकही बरं आलं. दुसऱ्या वर्षी वाटलं आता आपल्याला येतं. अक्षय तृतीयेला सुरुवात करायची ती घरातल्या लग्नामुळे लांबली, आणि त्या मे महिन्यात पाऊस कसा पडला ते आपल्याच पेपरात रोज येत होतं. २६ मेला मान्सून मुंबईत पोहोचला, आणि आमच्याकडे त्याच्या आधीपासूनच रान ओलं. पाच क्विंटल बेणं बेणेप्रक्रिया करून सावलीत पसरलेलं, मोड वर आलेले. थांबायची छाती झाली नाही. दोन दिवस उघडीप मिळाली तसं यंत्र घातलं.

वापसा नव्हता, म्हणजे माती काम करण्याइतकी सुकली नव्हती. मला माहीत होतं की नव्हता. मूठभर माती घेऊन दाबली, लाडू झाला, कंबरेएवढ्या उंचीवरून सोडला तर फुटायला पाहिजे होता, तो थप्पकन बसला. तरी घातलं. काळी माती रिजरच्या पंखांना चिकटून त्याचं गोल डोकं झालं. दर वीस फुटांवर थांबून खुरप्याने खरवडायची. बेड उंच व्हायच्या ऐवजी चोपून बसले, आणि सरीचा तळ पात्यांनी घोटून घोटून लिंपल्यासारखा गुळगुळीत केला. बोट फिरवलं तर चमकत होता. त्या वेळी मला तो नीटनेटका वाटला, हे लिहिताना लाज वाटते.

लिंपलेल्या जमिनीतून पाणी खाली जात नाही. ओढ्याकडच्या सखल अंगाला नऊ बेड होते, फूटभराच्या जागी जेमतेम सहा इंच उंच. जुलैत तिथे सऱ्या भरल्या की तीन-तीन दिवस भरलेल्याच. ऑगस्टमध्ये पानं शेंड्याकडून पिवळी पडत खाली उतरायला लागली. कोंब धरून ओढला तर सुळकन हातात आला, बुंधा पाणचट आणि त्या वासाबद्दल आल्यावाल्यांना सांगायला नको. कंदकूज. पंपाने जे काय ओतायचं ते ओतलं, चर खणून पाणी काढलं, पण ते नऊ बेड गेले. वरच्या अंगाच्या वीस बेडांत आलं निघालं. त्याच बेण्याचं, त्याच खताचं, त्याच ठिबकवरचं. फरक फक्त उंचीचा आणि पाण्याच्या वाटेचा.

यंत्राला मी दोष देत नाही. ओल्या रानात बैलांचा नांगर घातला असता तरी ढेकळंच निघाली असती. पण बैल ओल्या रानात जायला कुरकुरतात आणि माणूस थांबतो. हे यंत्र कुरकुरत नाही, पेट्रोल असेल तोवर चालतं.

म्हणून आपल्याला आणि आपल्या लेखकांना विनंती आहे. असा लेख छापताना रान कसलं होतं ते लिहा, काळी माती की मुरमाड. किती फेऱ्या झाल्या, रिजर कोणत्या भोकात होता, बेडचा माथा मोजला का, मोजला तर किती भरला. पाऊस पडून किती दिवस झाले होते. आल्यासाठी गादीवाफा हवा असं विद्यापीठाच्या शिफारशीत आहे म्हणता, तर त्याचीच उंची-रुंदी फोटोखाली छापा, म्हणजे वाचणारा आपल्या रानात दोरी लावून बघेल. आणि पॉवर वीडर म्हणजे पॉवर टिलर नव्हे, लेखात दोन्ही शब्द एकाच यंत्राला वापरलेत. बारा-पंधरा एचपीच्या टिलरला जे रिजर झेपतं ते सात एचपीच्या वीडरला अडकवलं तर काय होतं ते आमच्या भावकीतल्या एकाने करून पाहिलंय, त्याचा गिअरबॉक्स अजून गॅरेजात आहे.

प्रात्यक्षिकं घेणाऱ्यांनाही एक सांगणं. ती जानेवारीत, मंडपाशेजारच्या नांगरून ठेवलेल्या भुसभुशीत पट्ट्यात होतात. एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात, पावसानंतरच्या खऱ्या रानात घ्या. माती चिकटते कशी आणि नाही म्हणायचं कधी, हे तिथे दिसेल. बायकांना बोलवायचं असेल तर मुठी आधी खाली घेऊन ठेवा, हळदीकुंकवाची सोय नसली तरी चालेल.

या वर्षी आम्ही सखल अंगाचे नऊ बेड सोडून दिले आहेत, तिथे घेवडा टाकू. वरच्या वीस बेडांसाठी फळी सुताराकडे टाकली आहे, यंदा कडांना थोडा उतार ठेवून, म्हणजे बेड मध्ये किंचित फुगीर राहील. उताराच्या टोकाला सगळ्या सऱ्या एका आडव्या चरात सोडायच्या आणि तो चर ओढ्याला.

माझं नाव कृपया छापू नये. विक्रेता आमच्याच पाहुण्यांतला आहे आणि जत्रेला जेवायला येतो. तुम्हाला नवीन फोटो हवा असेल तर माणूस पाठवा, गमबुटासकट उभी राहते. फक्त तारीख आधी मागू नका. वापसा आला की फोन करते.

आपली एक वाचक,
आले उत्पादक, ता. कोरेगाव, जि. सातारा