काका, त्या चेंडूवरची शाई अजून आहे

काका,

परवा शनिवारी आमच्या लेकाच्या हातून पुन्हा बेसबॉलची गेम गेली. हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. शेवटची इनिंग, एका रनची आघाडी, दोन आउट, आणि समोरच्या पोराने बॅटच्या टोकाला लागलेला एक मऊ चेंडू सेकंड बेसमनच्या डोक्यावरून टाकला. दोघे धावून आले, संपलं. ह्याने टोपी नीट केली, रांगेत जाऊन सगळ्यांशी हात मिळवले, गाडीत येऊन बसला आणि म्हणाला, "आई, भूक लागलीय. काय आणलंयस?"

मला गाडी सुरू करता येईना. डोळे भरून आले होते. त्याला वाटलं हरल्याचं. काका, तुम्हाला तरी कळेल ते कशाचं होतं.

समोर बसून हे बोलायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणत चहाचं आधण ठेवायला उठता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते. न्यू जर्सीच्या एडिसनमधली निम्मी मराठी घरं हे वाचतील आणि तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, तर होऊ दे.

गेल्या वर्षी हेच झालं होतं तेव्हा हा बारा वर्षांचा होता. तेव्हाचे कोच वेगळे. त्यांनी सगळ्या मुलांसमोर, आईबाप कुंपणाला उभे असताना, त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि "हे तुझं काम नाही" एवढंच म्हणाले. उरलेला सगळा सीझन तो बाकावर. मी विचारत राहिले, उत्तरं मिळाली नाहीत. ते उगाळत बसत नाही, पण बारा वर्षांच्या मुलाशी कसं बोलू नये हे मोठ्या माणसाला शिकवावं लागत असेल तर त्याच्या हाती मुलं देऊच नयेत. आपली माणसंही कमी नव्हती. "क्रिकेटला घाल, बेसबॉल आपल्या पोरांचं काम नाही." हे तर मी पॉटलकमध्ये हातात ताट घेऊन ऐकलं आहे. आणि मी स्वतः? "मरू दे ते बेसबॉल, अभ्यासाला बस" असं मीच त्याला म्हणाले. त्याचं जेवण कमी झालं, बॅग गॅरेजमध्ये गेली, तेव्हा मला माझं वाक्य टोचायला लागलं.

अशाच एका संध्याकाळी तुम्ही काकूंचा डबा परत द्यायला आला होतात. तो मागच्या पायरीवर बसला होता. तुम्ही त्याला काय झालं ते विचारलं नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश त्याच्या शेजारी टेकलात आणि म्हणालात, "चेंडू आण बघू."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तुम्ही त्याची पहिली दोन बोटं धरून चेंडूच्या लाल शिवणीवर आडवी ठेवलीत, अंगठा खाली सरकवलात. मग शर्टाच्या खिशातलं बॉलपेन काढलंत, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्या खिशात असतं ते, आणि त्याच्या बोटांभोवती निळी रेघ ओढायला लागलात. अगदी हळू. चामड्यावर पेन नीट चालत नव्हतं, तुम्ही मध्ये थांबून ते तळहातावर घासत होतात. तो श्वास रोखून बसला होता. त्याने हात काढला तेव्हा चेंडूवर त्याच्याच बोटांचा आकार होता.

"आता बोटं कुठे ठेवायची ते विसरलास तर चेंडूला विचार," एवढंच तुम्ही म्हणालात. काका, त्या सबंध वर्षात त्याच्या हातात कुणी चेंडू परत दिला असेल तर तो तुम्ही.

रॉय हॅलडेची गोष्ट तुम्ही मग सांगितलीत. 2008 ची ऑल-स्टार गेम, म्हणजे सगळ्या संघांतल्या निवडक खेळाडूंचा सामना, यँकी स्टेडियम. टोरंटोचा पिचर हॅलडे न्यूयॉर्क यँकीजच्या मारियानो रिव्हेराला विचारतो, तुझा कटर, तो शेवटच्या क्षणी वळणारा चेंडू, कसा धरतोस? रिव्हेरा प्रतिस्पर्धी संघाच्या पिचरला बोटं ठेवून दाखवतो आणि हॅलडे ती जागा विसरू नये म्हणून चेंडूवर बोटांभोवती पेनाने रेघा ओढून घेतो. लेकाने लगेच विचारलं, "मग मला कटर?" तुम्ही म्हणालात, "नाही. आधी हाडं पक्की होऊ देत. रिव्हेरासुद्धा सुरुवातीला सरळच टाकायचा." ह्या वयात मनगट पिळून मुलांचे खांदे-कोपरे बिघडवणारे कोच मी पाहिलेत, म्हणून तुमचं ते 'नाही' मला फार मोठं वाटतं.

पुढचे कित्येक दिवस त्या पायरीवर रिव्हेरा चालला होता. मी भाजी निवडता निवडता ऐकायची. मला तोवर रिलीव्हर म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलंत की सुरुवातीचा पिचर थकला की जो येतो तो रिलीव्हर आणि आघाडी राखून सामना संपवायला येतो तो क्लोजर. समजा बुमराहला सबंध सामन्यात फक्त शेवटची ओव्हर द्यायची आणि तीही आठ-दहा धावा राखायला. राखल्या तर लोक घरी जातात, नाही राखल्या तर सगळ्यांना त्याचंच नाव आठवतं. रिव्हेरा 1995 पासून 2013 पर्यंतचे 19 सीझन एकाच संघासाठी खेळला, त्यातले बहुतेक ह्याच कामावर. 652 सेव्ह, म्हणजे आघाडी राखून संपवलेले सामने. पोस्टसीझनचे, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांतले, 42 वेगळे. पनामातल्या पुएर्तो काइमितो ह्या कोळ्यांच्या गावचा पोरगा, लहानपणी दुधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा ग्लोव्ह आणि जुन्या जाळ्याला टेप गुंडाळून केलेला चेंडू. पिचर व्हायचं असं त्याने ठरवलेलंही नव्हतं, गावाकडच्या संघाचा पिचर मार खात होता म्हणून ह्याला उभं केलं. आणि तो कटर! 1997 मध्ये रामिरो मेंडोझाबरोबर नुसता चेंडू फेकत असताना तो शेवटच्या क्षणी आपोआप वळायला लागला. आधी तो सरळ करायची खटपट केली, जमेना, मग त्याने त्यालाच देवाची देणगी मानलं.

पण माझ्या लेकाला लागली ती 4 नोव्हेंबर 2001 ची रात्र. वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची अंतिम मालिका, सातवी आणि शेवटची गेम, समोर ॲरिझोना. रिव्हेराने त्याआधी पोस्टसीझनमध्ये ओळीने 23 सेव्ह केलेले. नववी इनिंग, न्यूयॉर्क 2-1 पुढे. एक हिट, मग बंट, म्हणजे बॅटने हळूच टेकवलेला चेंडू, आणि त्यावर रिव्हेराचाच वाकडा गेलेला थ्रो, मग बरोबरी, आणि शेवटी लुइस गोन्झालेसचा तो शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या, डोक्यावरून पडलेला मऊ चेंडू. जगातल्या सगळ्यात भरवशाच्या माणसाच्या हातून.

लेक गप्प झाला होता. मग तुम्ही पुढचं सांगितलंत. न्यूयॉर्क जिंकलं असतं तर मिरवणूक निघाली असती. ती झाली नाही म्हणून संघातला एन्रिके विल्सन आधीच्या विमानाने घरी, डोमिनिकन रिपब्लिकला गेला. त्याचं मूळ तिकीट होतं ते विमान 12 नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये कोसळलं, 265 माणसं गेली. रिव्हेरा पुढे म्हणाला की आपण हरलो ह्याचा मला आनंद आहे, माझा मित्र जिवंत आहे. तिथे तुम्ही एक सांभाळून बोललात, ते मी विसरणार नाही. "प्रत्येक हरण्यामागे काही चांगलं असतंच असं नाही हं बाळा. तसं मी म्हणत नाही. त्याने कशाकडे बघितलं, ते बघ."

खोटा धीर न देणारी माणसं किती कमी भेटतात, काका. बहुतेक जण "होतं असं" म्हणून मोकळे होतात.

बोस्टनची गोष्ट त्याची सगळ्यात आवडती. 2004 मध्ये रिव्हेराच्या हातून गेम गेली आणि बोस्टनने तिथून सगळी मालिकाच उलटवली. पुढच्या एप्रिलमध्ये तो फेनवे पार्कवर आला तर बोस्टनच्या लोकांनी चिडवायला टाळ्यांचा कडकडाट केला. तो हसला आणि त्यांना टोपी काढून दाखवली. परवाच्या शनिवारी लेकाने जी टोपी नीट केली ना, ती कुठून आली हे मला तिथल्या तिथे कळलं.

आणखी एक सांगायचंय, तुम्हाला माहीत नाही ते. पण आधी तुम्हीच सांगितलेलं आठवते: शेवटच्या वर्षी, 2013 मध्ये, रिव्हेरा जिथे जिथे खेळायला जाई तिथल्या पडद्यामागच्या माणसांना भेटायचा, मैदान राखणारे, स्वयंपाकघरातले, वर्षानुवर्षं तिथे राबणारे. बसून त्यांच्याशी बोलायचा, त्यांचे आभार मानायचा. हे सांगताना तुमचा आवाज जरा बदलला होता. 26 सप्टेंबरला त्याला माउंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून, न्यायला त्याचे जुने सोबती पेटिट आणि जीटर आले आणि तो पेटिटच्या खांद्यावर रडला, त्या रात्री तुम्ही 4 नंबरच्या ट्रेनने 161 स्ट्रीटला उतरून स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर बसला होतात, हेही तेव्हाच कळलं. 2019 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च सन्मानासाठी, त्याला 425 पैकी 425 मतं पडली, तोवर कुणालाच सगळी पडली नव्हती. पण तुम्ही ते एका वाक्यात संपवलंत आणि पुन्हा त्या मैदान राखणाऱ्यांवर आलात.

तर परवा हरल्यावर गाडीत यायच्या आधी लेक मैदानाच्या कडेला गेला होता. तिथे एक म्हातारे गृहस्थ असतात, पहाटे येऊन चुन्याच्या रेघा आखतात. दोन वर्षं मी त्यांना बघतेय, कधी नावही विचारलं नाही. हा त्यांच्याशी हात मिळवून काहीतरी बोलला. घरी येताना विचारलं तर म्हणाला, "थँक यू म्हटलं. रेघा सरळ होत्या."

तो चेंडू त्याच्या टेबलावर असतो. शाई फिकट झालीय, बोटंही आता त्या आकाराबाहेर गेलीत. मी म्हटलं, पुन्हा गिरवून देऊ का? नको म्हणाला, काकाच गिरवतील.

येत्या शनिवारी दहाला गेम आहे. नव्या कोचनी पुन्हा त्यालाच शेवटी ठेवलंय. सव्वानऊला घ्यायला येते. पेन खिशात असू द्या.

तुमची,
शेजारीण