ब्रेकच्या पेडलामागचा स्विच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाहनांच्या देखभालीविषयी लिहिताना इंजिन ऑइल, टायर आणि ब्रेक पॅड यांची आठवण नेमाने करून दिली जाते. ब्रेकच्या पेडलामागे बसवलेल्या अंगठ्याएवढ्या स्विचचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. तो व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र.

रात्रभर उभी असलेली माझी गाडी एके दिवशी सकाळी सुरू होईना. कार्यशाळेत बॅटरी बदलून दिली आणि आठवड्याभरात पुन्हा तोच प्रकार झाला. त्यानंतर एका संध्याकाळी गाडी बंद करून मागच्या बाजूने जाताना ब्रेकचे दिवे लागलेलेच दिसले. टॉर्च घेऊन पेडलाजवळ वाकलो, तर खालच्या मॅटवर वाळून फुटलेल्या रबराचे चार तुकडे पडले होते. पेडलाच्या पट्टीतील भोकात बसवलेली ती गुंडी होती. पेडल मोकळे असताना ही गुंडी स्विचची दांडी आत दाबून धरते आणि पाय पडताच दांडी बाहेर येऊन दिव्यांचा प्रवाह सुरू होतो. गुंडीच उरली नाही, तेव्हा दांडी भोकातून आरपार गेली आणि ब्रेक सतत दाबलेला आहे, अशीच गाडीची समजूत झाली.

पूर्वी या स्विचचे काम दिव्यांपुरतेच होते. आज त्याच्याच संकेतावर क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) सुटते, ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पार्क’मधून हलतो आणि बटणाने सुरू होणारी गाडी सुरू होते. एक्सलरेटर आणि ब्रेक एकाच वेळी दाबले गेले, तर इंजिनाची ताकद कमी करण्याची सोय अनेक गाड्यांत असते. तीही ब्रेक दाबल्याच्या या खबरेवरच चालते. इतके अवलंबून असल्यामुळे बऱ्याच स्विचांत दोन संपर्क दिलेले असतात. पेडल दाबले की एक जुळतो व दुसरा तुटतो, आणि दोघांची खबर एकमेकांशी जमली नाही, तर ईसीयू, म्हणजे गाडीचा नियंत्रक संगणक, दोष नोंदवतो. काही नव्या गाड्यांत घासणारे संपर्क टाळून चुंबकीय सेन्सर वापरतात. (माझ्या मते ही मोठीच सुधारणा आहे.)

खरी चिंता उलट बिघाडाची आहे. स्विच निकामी झाला, तरी चाकांवरचा ब्रेक तेलाच्या दाबाने नेहमीसारखाच लागतो. त्यामुळे चालकाला पायाखाली काहीच वेगळे जाणवत नाही आणि मागून येणाऱ्याला मात्र दिवा दिसत नाही. अशा वेळी गिअर अडकला म्हणून गिअरबॉक्स किंवा गाडी सुरू होत नाही म्हणून स्टार्टर उघडण्याआधी, गाडीतील दोष वाचणाऱ्या स्कॅनरच्या पडद्यावर ब्रेक स्विचची स्थिती पेडल दाबून आणि सोडून पाहिली पाहिजे. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे. नवा स्विच बसवताना त्याचे पेडलापासूनचे अंतर निर्मात्याच्या सूचनेप्रमाणेच जुळवावे लागते, हेही कारागिरांनी विसरू नये.

गाडीमालकाला तर हत्यारही लागत नाही. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करावी, पेडल हलकेच दाबून सोडावे आणि भिंतीवरचा लाल उजेड पायाबरोबर येतो-जातो का, ते आरशात पाहावे. नियमित सर्व्हिसिंगच्या यादीत या स्विचची आणि त्याच्या गुंडीची तपासणी स्वतंत्र ओळीत यावी, यासाठी आपल्या वाहनविषयक पानावर हा विषय सविस्तर घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाहनधारक वाचक