बाबा, शनिवारी जॅझ ऐकायला गेलो होतो

पार्सिपनी, न्यू जर्सी
ऑक्टोबर, सोमवार रात्र

प्रिय बाबा आणि आई,

काल फोनवर सगळं सांगायचं होतं पण तुमच्याकडे फिजिओथेरपीवाले दारात आले आणि इकडे छोटी झोपेला आलेली, सगळं अर्धवटच राहिलं, म्हणून म्हटलं आता बसून लिहूनच काढते. आई, तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस, बाबांसाठीच लिहितेय.

शनिवारी आम्ही तिघं डेलावेअर वॉटर गॅपला गेलो होतो. आमच्या घरापासून हायवेने सरळ पश्चिमेला जेमतेम तासभर. न्यू जर्सी जिथे संपतं तिथे डेलावेअर नदी अख्खा डोंगर चिरून बाहेर पडते, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधून नदी, आपल्या वरंध घाटात गेल्यावर छाती दडपते ना तसं होतं. पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया, आणि लगेच ते गाव, नावही तेच, खिंडीचंच. वस्ती सातशेच्या आसपास, आपल्या गल्लीत गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं होतील. झाडांची पानं सध्या लाल पिवळी झालीयत, सगळी न्यू जर्सी ती बघायला तिकडे लोटते, आम्हीही त्यासाठीच निघालो होतो. जॉर्जियापासून मेनपर्यंत साडेतीन हजार किलोमीटरची जी चालायची वाट आहे, अपालाचियन ट्रेल, ती या गावातूनच जाते, पाठीवर भल्यामोठ्या सॅक घेतलेली पोरं रस्त्यात दिसतात, आणि चर्चमध्ये त्यांच्या मुक्कामाची सोय असते. मला एकदम पंढरीच्या वाटेवरचे मुक्काम आठवले.

पण सांगायचंय ते रात्रीचं. तुमच्या जावयांच्या ऑफिसमधल्या एका माणसाने सांगितलेलं की तिकडे जाताच आहात तर डियर हेड इनमध्ये जेवूनच या. रस्त्याच्या चढाला चार मजली जुनी लाकडी इमारत, व्हरांडे असलेली, वर राहायच्या खोल्या आणि खाली जेवणाची खोली. बाहेरून बघितलं तर एखादं जुनं विश्रामगृह वाटेल. आत गेलं की समोरच पियानो. स्टेज म्हणजे काही उंच चबुतरा नाही हो, आमच्या टेबलापासून ड्रमवाल्याची झांज आठ-दहा फुटांवर. लोक जेवतायत, आणि त्यांच्यात बसूनच हे वाजवतायत, आपल्याकडे कुणाच्या माडीवर सतरंजी टाकून बैठक होते तेवढंच अंतर.

आई, जेवणाचं तुला सांगते. लाल भोपळ्याचं सूप होतं, वरून साय आणि भोपळ्याच्याच भाजलेल्या बिया, आणि खरं सांगते चव चांगली होती, पण पहिला चमचा तोंडात गेला आणि मला तुझे घारगेच आठवले. मग मासा, बटाट्याचा लगदा, गरम पाव. छोटीने पाव आणि बटाटाच खाल्ला. जेवणाचे पैसे वेगळे आणि गाण्याचे वेगळे घेतात, आणि मला ते फार बरोबर वाटलं, म्हणजे वाजवणाऱ्याची कदर बिलात स्वतंत्र लिहिलेली.

तिघेच वाजवणारे. पियानो, उभा मोठा बास आणि ड्रम. ड्रमवाले आजोबा पंचाहत्तरीचे तरी असतील, पांढरी दाढी, बाह्या दुमडलेल्या. पहिलंच वाजवलं ते संथ होतं आणि त्यात त्यांनी काठ्या घेतल्याच नाहीत, तारेचे ब्रश असतात, ते ड्रमच्या कातड्यावर गोल गोल फिरवत होते. बाबा, तो आवाज कसा सांगू, आई सुपात तांदूळ पाखडते ना, तो सर्र सर्र आवाज, पण लयीत. डोळे मिटले तर मी मिरजेच्या स्वयंपाकघरातच होते. वाढणारी मुलगी प्लेट ठेवताना इतक्या हळू ठेवत होती की काट्याचमच्याचा आवाज नाही. कुणी कुणाला गप्प बसा म्हणत नव्हतं, आपणहूनच सगळी खोली गप्प होती.

बासवाला बोटांनी तारा छेडत होता, गजाने नाही, प्रत्येक मात्रेला एक सूर, चालत राहतो, थांबतच नाही. त्याच्या लाकडाचा घुमारा पायाखालच्या फळ्यांतून पोटऱ्यांना जाणवत होता. मला सतारमेकर गल्लीत तुम्ही तंबोरा जुळवून घ्यायला न्यायचात ते आठवलं. मंगळवेढ्याचा भोपळा आला की कारागीर टिचकी मारून ऐकायचे आणि तुम्ही मला म्हणायचात ऐक, आधी लाकूड बोलतं मग तार बोलते. आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला तेव्हा तुम्ही आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतात, ते आईने मला कळवलेलं.

आता खरी मजा ऐका. दुसरी चीज होती ती ब्लूज, बारा बारची. मला सुरुवातीला काही पत्ता लागेना, कारण आपण समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, मान टाकायला बसतो आणि ही सगळी माणसं दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी वाजवतात, समेला कुणी हातच लावत नाही. छोटीला ते माझ्याआधी सापडलं, ती टेबलावर बरोबर दोन आणि चारला बोट आपटत होती. मग मी तुम्ही शिकवलेलं काढलं, टेबलाखाली बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. बारा बार, प्रत्येक बारात चार, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, आणि बाबा, अठ्ठेचाळीस म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोब्बर तीन आवर्तनं! तिसरं आवर्तन संपून माझा अंगठा पहिल्या पेरावर आला आणि पियानोवालाही त्याच क्षणी पहिल्या जागेवर आला, अंगावर काटा आला हो. त्यानंतर मी चुकलेच नाही. लय पण सरळ चारची नसते त्यांची, मात्रेचे आतून तीन भाग पाडलेले असतात, पहिला लांब आणि शेवटचा आखूड, त्यामुळे ती डोलते. तुम्ही तिस्र जाती समजावताना पाटावर बोटं वाजवून दाखवायचात, तशीच.

आणि शेवटी सवाल-जवाब. चार बार पियानोचे, चार बार ड्रमचे, पुन्हा चार पियानोचे. चार बार म्हणजे सोळा मात्रा, एकेकाला एक अख्खं तीनतालाचं आवर्तन! पियानोवाल्याने एक तुकडा असा अर्धवट लटकत सोडला आणि आजोबांनी तोच तुकडा उचलून पुढे नेला, आणि कसा माहितीये, तिहाईसारखा तीनदा घेऊन नेमका आणून ठेवला. माझ्या तोंडून मोठ्याने क्या बात है निघून गेलं. सगळ्यांनी वळून बघितलं, आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. भाषा कळली नसेल, पण दाद कळली.

मध्यंतरात ते तिघं तिथेच काउंटरच्या कडेला बसून जेवले, आपल्यासारखेच. आमच्या शेजारच्या टेबलावर एक वयस्कर जोडपं होतं, तिथलेच राहणारे, त्यांनी गावाची सगळी कहाणी सांगितली. पूर्वी इथे उन्हाळ्यात श्रीमंत लोक हवा खायला यायचे, खिंडीच्या तोंडावर मोठमोठी हॉटेलं होती, त्यातली दोन प्रसिद्ध होती ती १९१५ आणि १९३१ मध्ये जळून गेली. पण आसपासच्या पोकोनो डोंगरांतल्या रिसॉर्टमध्ये वाजवणाऱ्यांना काम मिळत राहिलं, न्यूयॉर्कही दोनेक तासांवर, म्हणून पुष्कळ जॅझवाले या भागात घरं करून राहिले. फिल वूड्स नावाचा फार मोठा सॅक्सोफोनवाला इथलाच झाला, २०१५ मध्ये गेला. त्याने आणि मित्रांनी मिळून १९७८ मध्ये गावात उत्सव सुरू केला, तो सप्टेंबरात होतो. हे ऐकताना मला आपला मीरासाहेबांचा उरूस दिसत होता, दर्ग्यातल्या चिंचेखाली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने रात्रभर हजेरी लावणारे. खाँसाहेब जाऊन किती वर्षं झाली, १९३७ मध्ये गेले, पण गाणारे अजून येतात. मी त्या जोडप्याला हे सगळं सांगितलं, तर त्या बाई म्हणाल्या मग तुझं गाव आणि आमचं गाव बहिणीच की.

१९७८ म्हटल्यावर तुम्हाला काही आठवलं का? तेच साल, मुंबईतल्या जॅझ उत्सवाचं, जॅझ यात्रेचं! तुम्ही तेव्हा मुंबईत नोकरीला नवीन होतात, धोबीतलावच्या रंगभवनात अमेरिकेहून सॅक्सोफोनवाला सॉनी रॉलिन्स आलेला, तिकिटाला पैसे नव्हते म्हणून तुम्ही भिंतीच्या बाहेर फुटपाथवर उभं राहून ऐकलंत, वर छप्पर नव्हतं म्हणून सगळं ऐकू येत होतं. ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा तरी ऐकलीय, पण तुम्ही बाहेर उभे होतात याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. शनिवारी आठ फुटांवर बसले तेव्हा वाटलं. त्या खुर्चीत तुम्ही हवे होतात.

आता जे सांगायला बसले ते सांगते. त्या जोडप्यातल्या गृहस्थांनीच मला कीथ जॅरेटबद्दल सांगितलं. जगातल्या मोठ्यात मोठ्या पियानोवाल्यांत त्याचं नाव घेतात. तो इथून जवळच्या अ‍ॅलनटाऊनचा, पोरवयात याच खोलीत वाजवायचा, आणि नाव झाल्यावर १९९२ च्या सप्टेंबरात परत येऊन एक रात्र वाजवून गेला, त्याची रेकॉर्डही निघाली, घरी येताना आम्ही गाडीत तीच लावली होती. त्याला २०१८ मध्ये लागोपाठ दोन स्ट्रोक आले. डावी बाजू गेली. दोन वर्षांनी त्याने स्वतःच सांगितलं की आता डाव्या हाताने वाजवणं होणार नाही. घरी आल्यावर मी शोधलं तर अलीकडचा एक व्हिडिओ मिळाला, त्यात तो घरी पियानोवर बसलाय, डावा हात नुसता पडलेला, आणि एकट्या उजव्या हाताने वाजवतोय. सूर तोच आहे बाबा. मी रात्री दीड वाजेपर्यंत ते बघत बसले आणि खूप रडले, जावई उठून आले, काही बोलले नाहीत, शेजारी बसले.

मी हे मुद्दाम सांगतेय, तुम्हाला कळलंच असेल. आई म्हणाली मार्चपासून तबला-डग्गा दोन्ही खोळीत आहेत, आणि कोणी विषय काढला तर तुम्ही खोलीत निघून जाता. डॉक्टर म्हणतात हात हळूहळू येईल, येईल तेव्हा येईल, डाव्या हाताच्या डग्ग्याचं मी काही बोलतच नाही. पण उजवा हात तर तुमचा ठणठणीत आहे. शनिवारी बासवाला एकटा वाजवत होता तेव्हा त्या ड्रमवाल्या आजोबांनी डावा हात मांडीवर ठेवून दिला आणि उजव्या हाताने नुसती झांज धरून ठेवली, टिंग, टिंग टि टिंग, बास, एवढंच, आणि सगळी खोली त्याच्यावर चालली होती. मी त्या मांडीवरच्या हाताकडेच बघत होते.

रागावू नका. मी लहान तोंडी मोठा घास घेतेय, पण मी एवढ्या लांब आहे, तुमचे पाय चेपायला येऊ शकत नाही, मग बोलायचं तरी.

छोटी आल्यापासून टेबलावर, सोफ्यावर, माझ्या पाठीवर बडवत सुटलीय. मला म्हणाली आजोबांना पण येतं ना हे? मी म्हटलं आजोबांना याच्या दसपट येतं. तर लगेच, मग मला शिकवायला सांग. तिला तीनताल बोलायला शिकवलाय, हातावर टाळ्या पण देते, खालीला, जिथे टाळी नसते तिथे, हात असा ऐटीत बाजूला उडवते की बघत राहावं.

तर असं करा. आईला सांगून फक्त तबला बाहेर काढा, डग्गा राहू दे खोळीत. सूर उतरला असेल, हातोडी आणि पावडर कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. रविवारी सकाळी आठला, आमच्याकडे शनिवारची रात्र असते, मी व्हिडिओ कॉल लावते. तुम्हीच शिकवलंयत की खालीला डग्ग्याचा घुमारा बंद असतो, मग खाली तुम्ही वाजवा, ना तिं तिं ना, एवढंच, आणि भरीचं छोटी इकडे टेबलावर वाजवेल, तिची बोटं अजून तुमच्यासारखी पडत नाहीत, पण समेवर ती चुकत नाही.

आई, गोळ्यांच्या डब्याचा फोटो पाठव, ती सकाळची पांढरी गोळी संपत आली असेल. आणि घारगे केलेस तर त्याचाही फोटो पाठव.

तुमचीच,
ताई