नाना, ते दोन पंखे अजून समोरासमोरच आहेत

आदरणीय नाना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, पण नातू वाचून दाखवेल, म्हणून चारचौघांत लिहितोय. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "चहा सांग" म्हणून विषय तोडता.

गेल्या उन्हाळ्यात जळालेली मोनोब्लॉक मोटर (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असतात ती) घेऊन तुम्ही अमळनेरला माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात आलात. लेक हैदराबादजवळ डुंडीगलच्या हवाई दल अकादमीत गेली होती. गावभर पेढे वाटून झाले होते आणि मला झोप नव्हती. रात्री मोबाईलवर शोधत बसायचो. एचपीटी-३२ दीपक हे पिस्टन इंजिनाचं शिकाऊ विमान, त्याचं इंजिन हवेत बंद पडायच्या तक्रारी, २००९ च्या अपघातानंतर ती विमानं कायमची उभी केली, एवढं सगळं पाठ झालं होतं. आणि लेकीने पाठवलेल्या फोटोतल्या विमानालाही पुढे पंखाच! जग जेटवर गेलं आणि माझी पोर पंख्यावर, असं मी तुमच्यापुढे बोलून गेलो.

"कसाले घाबरस रे भो? आत जेटच शे," तुम्ही म्हणालात.

मग दुरुस्तीला आलेले दोन टेबल फॅन तुम्ही समोरासमोर मांडलेत. एकाचीच पिन लावलीत. त्याच्या वाऱ्यावर दुसरा फिरायला लागला. दुसऱ्याची पाती बोटाने धरलीत, तरी पहिला आपला चालूच. "दोघांना जोडणारं कपलिंग कुठे आहे, दाखव," म्हणालात. पंचवीस वर्षं मोटरी भरतोय, पण कपलिंगशिवाय जोर पुढे जातो हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. लेकीच्या फोटोतल्या पिलाटस पीसी-७ मार्क टू विमानातलं पीटी-६ इंजिन असंच, हे तुम्ही माझ्याच बिलबुकाच्या पाठीवर काढून दाखवलंत. हवा मागच्या अंगाने शिरते आणि पुढे येते. पेटलेल्या वायूचा झोत आधी एक टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक, फिरवतो, त्यावर हवा दाबणारा कॉम्प्रेसर चालतो. उरलेला झोत दुसऱ्या, सुट्या टर्बाइनला लागतो आणि ती गिअरबॉक्समधून पंखा फिरवते. ७०० अश्वशक्ती! म्हणून तर फोटोत नाकाशेजारीच धुरांडी दिसतात. ती मला आधी उलटीच बसवलेली वाटली होती.

ते बिलबुक मी अजून फाडलेलं नाही. त्या पानावर कुणाचं तरी साडेआठशेचं बिल आहे, तेही राहून गेलं.

तुमची सगळी नोकरी डॉर्नियर विमानांच्या इंजिनांवर झाली, त्यामुळे एचटीटी-४० चं नाव निघताच तुम्ही खुलून आलात. आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं (एचएएल) हे नवं शिकाऊ विमान ३१ मे २०१६ ला पहिल्यांदा उडालं. त्याचं टीपीई-३३१ इंजिन डॉर्नियरच्याच घराण्यातलं. "हे तुझ्या मोनोब्लॉकसारखं. शाफ्ट एकच. इंजिन फिरलं की पंखा फिरलाच." आणि जमिनीवर उभं असतानाही ते कसं किंचाळतं, हे तुम्ही कानावर हात ठेवून सांगितलंत. २०२३ मध्ये हवाई दलाने अशी ७० विमानं मागवली आणि काही आता आपल्या नाशिकजवळच्या ओझरलाही बनणार, हे सांगताना तुमचा आवाज वेगळाच झाला होता.

शेवटी मी धीर करून विचारलं, इंजिन बंदच पडलं तर? "पडू शकतं," तुम्ही म्हणालात. घरचे सगळे रोज "काही होत नाही" म्हणायचे आणि मला त्याचाच राग यायचा. तुम्ही सांगितलंत, की इंजिन गेल्यावर विमान तरंगत कसं उतरवायचं हे तिथे घोटून घेतात. आणि तेही जमण्यासारखं नसेल तर शिकणारा आणि शिकवणारा, दोघांच्याही सीटा बाहेर फेकल्या जातात. दीपकमध्ये ती सोय नव्हती. त्या रात्री मी झोपलो, नाना.

मोटरचे पैसे मी घ्यायला नको होते. तुम्ही ऐकलं नाहीत.

लेकीची पहिली सोलो, म्हणजे एकटीने केलेलं उड्डाण, झाली. फोनवर तिने सांगितलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "बेटा, धुरांडी पुढेच आहेत ना?" ती हसत सुटली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळ्यांच्या लेकी माहेरी आल्या, तिला सुट्टी नव्हती. थंडीत येते म्हणाली आहे. तेव्हा बामणोदची वांगी आणून मळ्यात भरीत करू, कळण्याची भाकरी घरून येईल. तुम्हाला न्यायला मी स्वतः येतो. तिला तुमच्याकडून ते डॉर्नियरचं किंचाळणं ऐकायचं आहे.

तुमचा,
अमळनेरचा मोटरवाला