गट सुरू करतोयस म्हणून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लांबलं, रागावू नकोस. घरातल्या आजारी माणसाचं करणाऱ्यांचा गट तू सुरू केलास, दोन बैठका झाल्या, पण सगळे इकडचं तिकडचं बोलून उठून जातात. त्यांना बोलतं कसं करू, असं विचारलंयस. मी चार वर्षं अशा गटात जातोय, म्हणून तुला वाटलं असेल की माझ्याकडे काही युक्ती असेल. युक्ती नाही, एक फजिती आहे. ती सांगतो.

आमच्याकडे एक बाई यायच्या. नवऱ्याला पक्षाघात झालेला. सात-आठ बैठका नुसत्या ऐकत बसल्या. एके दिवशी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत म्हणाल्या, "कधीकधी वाटतं, हे सगळं एकदाचं..." आणि थांबल्या. मी लगेच धावलो. "संपावं, हो ना? आईच्या वेळी माझ्याही मनात यायचं. त्यात अपराधी वाटून घेऊ नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "हं" म्हणाल्या, बोटाचा बंद सोडवला आणि पर्स खाली ठेवली. पुढच्या बैठकीला आल्या नाहीत.

मला ती शांतता सोसली नाही, एवढंच. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. प्रश्न संपून उत्तर सुरू व्हायला मध्ये सरासरी जेमतेम २०० मिलिसेकंद जातात, असं त्यात दिसलं. म्हणजे समोरच्याचं बोलून व्हायच्या आतच आपलं उत्तर तोंडाशी आलेलं असतं! अशा सवयीच्या माणसाला तीन सेकंद गप्प बसणंही जिवावर येतं. मला तर अजूनही मनात आकडे मोजावे लागतात.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. एकाचं सांगून झालं की त्यावर कुणी बोलायचं नाही. सल्ला नाही, 'माझंही अगदी असंच' नाही. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेच्या बऱ्याच बैठकांमध्ये ही रीत असते. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटायचं. मग माझी पाळी आली आणि कळलं, की उत्तर येणार नाही म्हटल्यावर माणूस स्वतःचं म्हणणं सावरत, सजवत बसत नाही.

आणि 'मन मोकळं करा' असं कृपा करून म्हणू नकोस. ते म्हटलं की माणसं आणखी मिटतात. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा तो ३६ प्रश्नांचा प्रयोग तू ऐकला असशीलच. अनोळखी माणसांच्या जोड्या ४५ मिनिटांत एकमेकांच्या बऱ्याच जवळ आल्या. लोकांना त्यातले प्रश्नच लक्षात राहतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की प्रश्न हलक्यापासून सुरू होऊन पायरीपायरीने खोल जात होते आणि उत्तरं दोघांनीही द्यायची होती. तू मात्र वही घेऊन टिपणं काढत बसतोस असं लिहिलंयस. अरे, वही मिट आधी! पहिलं तूच बोल, पण बेताचं. मी एकदा उत्साहात माझं सगळ्यात मोठं दुःख काढलं, तर उरलेला तास लोक माझीच समजूत काढत राहिले. 'काल औषधाची वेळ चुकली आणि घरी सांगितलं नाही', एवढं पुरतं.

इथलं इथेच राहील, हे दर वेळी सांग. 'आज नको' म्हणायची मुभाही ठेव. (त्या बाईंचं तुला लिहू का, हे मी त्यांना विचारलंय.)

हो, त्या परत आल्या. तीन महिन्यांनी. पर्स मांडीवर, बंद बोटाला. म्हणाल्या, "माझं मागचं अर्धं राहिलं होतं. हे सगळं एकदाचं कुणावर तरी सोपवावं आणि चार दिवस नुसतं झोपावं, असं म्हणायचं होतं मला."

मी खाली मान घालून आकडे मोजत होतो. अकरावर असताना त्या पुढे बोलायला लागल्या.

तिसरी बैठक झाली की लिही.

तुझाच,
जुना बडबड्या