बेड नंबर तीनच्या आजीचं पत्र

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही गेल्या महिन्यात रिटायर झालात आणि आम्हाला ते कळलं नव्या सिस्टरांकडून. निरोप समारंभ तुम्ही करूच दिला नाही म्हणे. शोभतं तुम्हाला. इतक्या वर्षांत आमच्याकडचा पेढासुद्धा तुम्ही 'ड्यूटी संपल्यावर खाईन' म्हणून बाजूला ठेवलात आणि संध्याकाळी आयाबाईंच्या हातात दिलात. घरचा पत्ता तुमच्याकडे मागायची माझी छाती नव्हती, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. मी सांगतेय, नातू टाइप करतोय. कुणीतरी पोचवेलच तुमच्यापर्यंत. इंदुरात मराठी माणूस दोन ओळखींच्या पलीकडे नसतो.

आम्ही तुमच्याकडे आलो ते 2016 च्या थंडीत. पोर तीन वर्षांचं आणि तोवर तीनदा न्यूमोनिया झालेला. कान तर कायम वाहता. पहिले सहा महिने मात्र हा इतका गुटगुटीत होता की बाळंतविडा घेऊन आलेल्या बायका गालगुच्चे घेऊन दमायच्या. आईच्या पोटातून आणलेली अँटीबॉडीची शिदोरी तेवढे दिवस पुरते, हे मागाहून कळलं. मग एकेक सुरू झालं. दात येताहेत, घर दमट आहे, दृष्ट लागली, सगळं ऐकून झालं. तुमच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं, परत पाहिलं. मी विचारलं, टॉन्सिल सुजलेत का? ते म्हणाले, "आजी, टॉन्सिल दिसतच नाहीयेत." मला ती चांगली बातमी वाटली!

रक्त मुंबईला गेलं, परळला केईएमच्या आवारातल्या एनआयआयएच या रक्ताच्या आजारांच्या संस्थेत. उत्तर आलं की अँटीबॉडी तयार करणाऱ्या बी पेशी याच्या रक्तात जवळजवळ नाहीतच. आजाराचं नाव एक्सएलए. पूर्ण नाव मला आजही म्हणता येत नाही. नातू म्हणतो आणि टाइपही तोच करतोय : एक्स-लिंक्ड अ‍ॅगामाग्लोब्युलिनेमिया.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

त्या दुपारी लेक औषधाच्या दुकानात अँटीबॉडीच्या बाटलीची चौकशी करायला गेली होती. तुम्ही स्टूल ओढून माझ्याजवळ बसलात. हातात कोरा कागद. म्हणालात, घरातल्या माणसांचं झाड काढायचंय. मुलगा असेल तर चौकोन, मुलगी असेल तर गोल. नातवाचा चौकोन काढलात, लेकीचा गोल काढलात, मग माझा. "आजी, तुम्हाला मुलं किती?"

मी म्हटलं, "एक मुलगी."

चौतीस वर्षं मी हेच उत्तर देत आले होते. रेशन कार्डावर, शिरगणतीला, हळदीकुंकवाला. तुम्ही पेन खाली ठेवलं नाहीत. माझ्याकडे न बघता विचारलंत, "आणि झाली किती?"

मुलं किती आणि झाली किती, यातला फरक बाईमाणसालाच कळतो. मी सांगितलं. थोरला मुलगा होता. 1982 च्या पावसाळ्यात गेला, सव्वादोन वर्षांचा होऊन. त्यालाही छाती भरायची, त्यालाही कान वाहायचा. तुम्ही लेकीच्या गोलाशेजारी एक चौकोन काढलात, आतून काळा केलात, वरून तिरकी रेघ मारलीत. आणि विचारलंत, "नाव काय होतं?"

त्या कागदाला नावाची गरज नव्हती. दुसऱ्या कुठल्याच चौकोनाला तुम्ही नाव लिहिलं नव्हतं, ते मी नंतर पाहिलं. त्याचं तेवढं लिहिलंत. आमच्या घरात ते नाव कुणी घेत नसे. इथेही मी ते लिहीत नाही, तुमच्या कागदावर आहे तेवढं पुरे.

माझ्या दुधात दोष आहे असं तेव्हा बोललं गेलं होतं. कोण बोललं ते सांगून आता काय उपयोग, सगळी वर गेली. पण त्या धाकानं मी लेकीला पाचव्या महिन्यापासून वरच्या दुधावर ठेवलं होतं. हे मी तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, "आजी, बाईकडे दोन किल्ल्या असतात. एक वाकडी असली तरी दुसरीनं कुलूप उघडतं, तिला काही होत नाही. मुलाला आईकडून एकच मिळते. वाकडी मिळाली तर झालं. ती किल्ली तुम्ही घडवलेली नाही आणि दुधाचा तर यात काहीच संबंध नाही." चिठ्ठी उचलल्यासारखं आहे, प्रत्येक मुलाच्या वेळी निम्मी-निम्मी शक्यता, हेही तुम्हीच सांगितलंत. लेकीला मात्र त्या दिवशी काही सांगू दिलं नाहीत. "डॉक्टरांसमोर, जावईबापूंना बसवून," म्हणालात. बरं केलंत. मी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं असतं आणि ती आयुष्यभर स्वतःला बोल लावत बसली असती. माझ्यासारखी.

नातवानं नंतर वाचून दाखवलं, की 1952 साली अमेरिकेत ब्रुटन नावाच्या लष्करातल्या बालरोगतज्ज्ञानं 8 वर्षांच्या एका मुलात हा आजार पहिल्यांदा ओळखला आणि बिघाड कुठल्या जीनमध्ये आहे ते 1993 साली सापडलं. माझं पोर त्या दोन सालांच्या मध्ये येऊन गेलं.

असो. बाटलीकडे येते.

पहिल्या दिवशी बर्फाच्या डब्यातून ती शंभर मिलीची बाटली आली. थंडगार. मी म्हटलं, द्या इकडे, शालीत धरते, लवकर कोमट होईल; आणि सवयीनं हलवायला गेले. तुम्ही जवळजवळ झडपच घातलीत. "ही दुधाची बाटली नाही, आजी. हलवायची नाही, फेस येतो. गरम करायची नाही. तिचा गारवा आपोआप जाऊ दे." मग तासभर आम्ही तिघं त्या बाटलीकडे बघत बसलो. त्या एका बाटलीतल्या 5 ग्रॅम अँटीबॉडी हजाराहून जास्त माणसांच्या रक्तातून गोळा झालेल्या असतात, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. मी बाटलीला हात जोडले. तुम्ही हसला नाहीत.

पोराच्या हाताला सुन्न करणारं मलम तासभर आधी. कुठल्या हातात सुई, ते तो ठरवणार. मागच्या वेळी डावा, तर या वेळी उजवा. नंतर पंपावर ताशी 7 मिली. मला वाटलं पंप बिघडला. शेजारच्या बेडवरची सलाइन भराभर चालली होती आणि आमचा थेंब म्हणजे पुण्यतिथीच्या भाषणासारखा, संपता संपेना. दर पंधरा मिनिटांनी तुम्ही ताप, नाडी, बीपी बघायचात, पाठ दुखते का, डोकं दुखतं का, थंडी वाजते का विचारायचात, आणि अर्ध्या तासानं आकडा एक पायरी वर. पुढे कितीतरी वर्षं दर चार आठवड्यांनी हे बघितलं, पण एकदाही तुम्ही मधली पायरी गाळली नाहीत. ड्यूटी संपत आलेली असली तरीही.

त्याची किंमत मला 2019 च्या दिवाळीत कळली. तुमचं डे केअर बंद, तारीख उलटत चाललेली, म्हणून दुसरीकडे गेलो. कुठे ते सांगत नाही. बाटली नव्या कंपनीची होती आणि त्यांना घरी जायची घाई. वीस मिनिटांत पोराला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, डोकं धरून बसला. मी तुमची वही उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यात प्रत्येक वेळचं वजन, कंपनी, बॅच नंबरचं चिकटवलेलं स्टिकर, कुठल्या मिनिटाला कुठला आकडा, सगळं तुमच्या बारीक अक्षरात. 'कंपनी बदलली तर पहिल्या वेळेसारखं हळू' हे वाक्य तर लाल शाईत. त्यांनी बाटली थांबवली, औषध दिलं, पोर शांत झाल्यावर अगदी खालच्या आकड्यापासून पुन्हा सुरू केली. तिथल्या सिस्टर तरुण होत्या, वाईट नव्हत्या. वहीच्या त्या पानाचा त्यांनी मोबाइलवर फोटो काढून घेतला.

वहीच्या आतल्या मुखपृष्ठावर तुम्ही जे लिहिलंत ते तर कितीदा कामी आलं. ताप 100.4 च्या वर गेला की वाट बघायची नाही, फोन करायचा, उरलेलं अँटिबायोटिक मनानं द्यायचं नाही. आणि खाली : 'अँटीबॉडी बघून निदान करायच्या टेस्ट याच्यावर चालत नाहीत. स्वतःच्या तो बनवत नाही, दिसतील त्या बाटलीतल्या. जंतूच शोधा.' आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी टायफॉइडसाठी विडाल, म्हणजे अँटीबॉडी बघायचीच टेस्ट, लिहून दिली होती. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून वाचलं, विडाल खोडली आणि जंतू शोधणारं कल्चर लिहिलं. मोठा माणूस. म्हणाले, "ह्या सिस्टरांना माझा नमस्कार सांगा." तो राहिलाच होता, आज सांगते.

आता माझ्या अपराधांकडे. ओंकारेश्वरहून आणलेलं नर्मदेचं पाणी मी त्याला चमचाभर तीर्थ म्हणून देत होते, हे लेकीला माहीत नव्हतं. तुम्ही मात्र पोट बिघडल्याचं ऐकून दोन प्रश्नांत काढून घेतलंत. मला वाटलं आता कानउघाडणी. तुम्ही म्हणालात, "डोक्यावर शिंपडा, आजी. पुण्य तेवढंच. पोटात फक्त उकळलेलं." गणपतीत पंचामृताचं विचारलं तर म्हणालात, दूध उकळून गार करून घ्या, देव काही बोलणार नाही. आमच्या रामबागेतल्या घरी तेव्हापासून तसंच करतो. गुरुजींनी एकदा भुवई उंचावली होती, पण पंचामृत प्यायले.

मला तर त्याला कापसात ठेवायचं होतं. दार बंद, खिडकी बंद, शाळा नको. तुम्हीच शाळेत पाठवायला लावलंत. काचेच्या खोलीतलं ते चार महिन्यांचं बाळ दाखवून म्हणालात, त्याचा आजार वेगळा आहे, त्याला वेगळं ठेवावंच लागतं. याला बाटली वेळेवर मिळाली की हा चारचौघांसारखा वाढेल. त्या बाळाकडे तुम्ही सकाळी सगळ्यांत आधी जायचात, अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत, दुसऱ्या कुठल्याही पेशंटला हात लावायच्या आधी. आम्ही आठाला येऊन बसलेलो असलो तरी तुम्ही आमच्याकडे बघायचात ते त्या खोलीतून बाहेर आल्यावर. सुरुवातीला मला राग यायचा. ते बाळ पुढे कुठे गेलं ते मी कधी विचारलं नाही.

रंगपंचमीला गेरची मिरवणूक बघायची परवानगीही तुम्हीच दिलीत. राजवाड्याजवळ आमच्या नात्यातल्यांची गच्ची आहे, तिथून. टँकरचं रंगीत पाणी नाकातोंडात जाऊ द्यायचं नाही, एवढीच अट. छप्पन दुकानवरचे पोहे? कढईतले वाफाळते असतील तर चालतील, वर कच्ची कोथिंबीर नको, जिरावण मसाला चालेल. बर्फाचा गोळा नाही म्हणजे नाही. सराफ्यातले तळलेले गराडू कंद? "तेलातून निघाले की लगेच," असं म्हणून तुम्ही पहिल्यांदा हसलात. तुम्हालाही गराडू आवडतात हे त्या दिवशी कळलं.

पल्स पोलिओच्या रविवारी दारात आलेल्या बायकांशी माझं दरवर्षी बोलणं व्हायचं. 2018 साली धाकटी नात झाली. तिला तरी थेंब देऊ का, विचारलं, तर तुम्ही म्हणालात, तिलाही इंजेक्शनच. थेंबांतली लस जिवंत असते, तिच्या शीतून दादापर्यंत पोचायची. लस चुकली नाही, पण सगळ्या पोरींच्या करंगळीला शाई आणि हिच्या नाही, म्हणून भोकाड. शेवटी मी स्केचपेननं करंगळी रंगवून दिली. तिच्या वाटणीला कुठली किल्ली आली आहे ते ती मोठी झाल्यावर तपासू. तुमचा तो कागद मी कपाटात, तिच्या जन्मपत्रिकेसोबत ठेवला आहे.

नातू आता बारा वर्षांचा आहे, 32 किलो. एका बाटलीवरून तीन बाटल्यांवर आला आहे. आमच्या घरी त्याची उंची कुणी भिंतीवर मोजली नाही, बाटल्यांवरच मोजली. चौथी वही चालू आहे, अक्षर आता त्याचं स्वतःचं. मागच्या वेळी नव्या सिस्टर बाटली लावायला आल्या, तर हा म्हणाला, "सिस्टर, अजून गार आहे." त्यांनी बाटलीला हात लावून बघितला, परत ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "बरोबर." तासभर थांबलो मग. मी तुमच्या स्टुलाकडे बघत होते.

थंडी पडली की गराडू आणणार आहे. कच्चे आणून घरीच तळीन, तुम्हाला बाहेरचं चालतं की नाही ते कधी विचारलंच नाही. रामबागेत कुणालाही आमचं घर विचारा. आलात की आधी हात धुवायचे, नळ डाव्या बाजूला आहे.

तुमची,
बेड नंबर तीनची आजी