विषय : डायफ्राम 'ताणून बसवा' म्हणणारा तुमचा सपोर्ट आणि माझे १,३८० रुपये

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा पाचवा कॉल संपला, म्हणजे तुमच्या माणसानेच कापला, त्यामुळे नमस्कार-चमत्कार राहू द्या.

२००३ च्या करिझ्मा बाइकसाठी, तीच २२३ सीसीची, कार्बोरेटरचं रिपेअर किट तुमच्याकडून मागवलं होतं. मॉडेल टाकलं, साल टाकलं, तुमच्या साइटने हिरवी टिक मारून 'परफेक्ट फिट' म्हणून सांगितलं. ओ-रिंगा बरोबर आहेत, फ्लोट बाउलचं पॅकिंग पण ठीक, खोटं कशाला बोलू. पण ज्याच्यासाठी किट घेतलं तो डायफ्राम, म्हणजे कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा, तोच छोटा आहे. जुना आणि तुमचा दोन्ही वर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, मोजले, तुमचा दीड मिलिमीटर कमी भरला. त्याची कड खाचेत बसतच नाही, एका बाजूने बोटाने दाबली की दुसऱ्या बाजूने उठते, आणि तशीच टोपी लावली तर रबर चिमटून कापलं जातं.

ही गाडी सीव्ही, म्हणजे व्हॅक्युमवर चालणाऱ्या कार्बोरेटरची आहे हे तुम्हाला माहीत असेलच, किट तुम्हीच विकून राहिले. मी अ‍ॅक्सिलरेटर पिळला की फक्त बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, उघडतो; डायफ्रामला जोडलेली वरखाली होणारी स्लाइड मी उचलत नाही, ती व्हॅक्युम उचलतो. डायफ्रामच्या वर व्हॅक्युम, खाली बाहेरची हवा, त्या फरकावर स्लाइड वर जाते आणि तिच्यातली नीडल, म्हणजे सुई, पेट्रोल सोडते. कडेने हवा गळली की फरक संपला, स्लाइड खालीच बसते, मग गाडी आयडलला मस्त चालते आणि रोडवर गेली की मरते.

माझी मेली कन्हानचा पूल ओलांडल्यावर. मे महिना, सकाळचे साडेआठ, रामटेकला निघालो होतो, गाडी साठच्या पुढे जाईना आणि मागे जबलपूर हायवेचे ट्रक हॉर्न मारून राहिले. मनसरपर्यंत गेलोच नाही, तिथूनच सेकंड-थर्डमध्ये रडतरखडत घरी आणली. कार्बोरेटर उतरवला, स्लाइड वर धरली, तोंडाजवळचं हवेचं भोक बोटाने बंद केलं आणि स्लाइड सोडली. डायफ्राम चांगला असेल तर ती हळूहळू उतरते. ही टक्कन पडली. तीनदा केलं, तीनदा टक्क.

आता तो आजचा कॉल. माझी 'केस' टेक्निकल टीमकडे दिली आहे म्हणून चार दिवस थांबवलं होतं, म्हटलं आता कोणी जाणकार माणूस बोलेल. त्याचा पहिला प्रश्न, "सर, चोक बंद आहे का?" मी शांत राहिलो. दुसरा, "सर, टाकीत पेट्रोल आहे का?" तरी शांत. मग मी व्यासाचं सांगितलं, दीड मिलिमीटर सांगितलं, फोटो पाठवले होते त्यांची आठवण दिली. तर म्हणतो, "सर, रबरच आहे ना, थोडं ताणून बसवा, नंतर सेट होऊन जाईल." ताणून बसवा! अहो, पायजम्याची नाडी आहे का ती? ताणलं की स्लाइडचा प्रवास बदलतो, रबर पातळ होतं, भोक पडतं. हे त्याला समजावलं तर थोडा वेळ गप्प, मग कागदावरचं वाचल्यासारखं, "सर, फिटिंग सर्टिफाइड मेकॅनिककडून केली असेल तरच रिफंड मिळतो, मेकॅनिकचं बिल पाठवा." मी म्हटलं मेकॅनिक मीच आहे, वीस वर्षांपासून ही गाडी मीच खोलतो, चिखलदरा, पचमढी सगळं हिच्यावरच केलं. तर हसला. हसला, साहेब! आणि म्हणे, "सर, एवढी जुनी गाडी आहे तर नवीनच घेऊन टाका ना." मी म्हटलं, भाऊ, जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या कंपनीत नोकरी करून तू मला हे काऊन सांगून राहिला? फोन कट.

गाडी बनवणाऱ्यांचा इथे काही दोष नाही, जुना डायफ्राम इतकी वर्षं टिकला. दोष तुमच्या हिरव्या टिकेचा आहे. दीड मिलिमीटर छोटा डायफ्राम आहे, परत सांगतो, दीड मिलिमीटर, आणि तोच आजही साइटवर तसाच दिसतो, उद्या दुसरा कोणी पोट्टा घेईल आणि भर हायवेवर ट्रकसमोर अडकेल. आधी तुमच्याकडून ब्रेक शू, क्लच केबल, चेन-स्प्रॉकेट घेतले होते, ग्रुपवर चार जणांना तुमचं नाव मीच सुचवलं होतं, त्याची आता लाज वाटते.

सात दिवसांत १,३८० रुपये परत पाहिजेत, कुरिअरच्या पैशांसकट, आणि ते किट करिझ्माच्या लिस्टमधून काढा. नाही तर आधी १९१५ च्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथे, म्हणजे नागपुरातच केस टाकता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी पण लागत नाही. मला घाई नाही, गाडी तशीही उभीच आहे.

आणि डायफ्राम परत पाठवा असा मेल आला आहे, तो पाठवणार नाही. वर्नियरसोबत पिशवीत घालून ठेवला आहे, आयोगासमोर ताणून दाखवायला लागेल.